काम कोणाला आणि कथा कोणाची?

अभ्यासासाठी शास्त्रभाग : लेवीय १९:९-१४; रूथ २; योहान ९



म्हैसूर शहरातील लष्कर मोहल्ला आपल्यापैकी काहींनी पाहिला असेल. पुण्याच्या लष्कराप्रमाणेच या वस्तीच्या नावातही छावणीची आठवण आहे. येथील संत फिलोमिना कॅथीड्रलचे दोन मनोरे दुरूनच दृष्टीस पडतात. सध्याच्या इमारतीची कोनशिला १९३३ साली महाराजांच्या हस्ते बसविण्यात आली. या शहराची दुसरी ओळख म्हणजे उदबत्ती. बांबूच्या काडीवर कोळशाच्या व लाकडाच्या भुकटीचा लगदा वळण्याचे काम येथे पिढ्यान् पिढ्या बहुतांशी स्त्रियांनी घरी बसून, हजार काड्यांच्या हिशेबाने केले. १९४८ साली एन. रंगराव यांनी येथेच उदबत्तीचा उद्योग उभारला, आणि त्यांच्या कुटुंबाने १९८८ साली अंध मुलींसाठी शाळा काढली.

धंदा आणि सेवा एकाच छपराखाली नांदू लागल्या, की दोन प्रश्न उभे राहतात. ज्यांना समाज काम देत नाही त्यांना आपण काम देतो काय? आणि दिले, तर त्यांची कथा जगाला कोणी, कोणत्या शब्दांत सांगावी? आपल्या मंडळ्याही शिवणकेंद्रे, मेणबत्त्यांचे कारखाने, छापखाने चालवितात. म्हणून हे प्रश्न आपलेही आहेत.

१. बवाजाचे शेत

शेताच्या कडा कापू नका, पडलेली कणसे गोरगरिबांसाठी व परदेशीयांसाठी राहू द्या, असा नियम लेवीयाच्या पुस्तकात आहे. बवाज या नियमापलीकडे गेला. रूथ ही विधवा, शिवाय मवाबी. त्याने गड्यांना ताकीद दिली की तिला कोणी त्रास देऊ नये. तहान लागल्यास पाणी कोठे प्यावे हे तिला सांगितले. पेंढ्यांतून काही कणसे मुद्दाम गळू द्यावीत आणि तिला लाज वाटेल असे काही बोलू नये, असेही बजावले. रूथ संध्याकाळपर्यंत राबली व आपल्या श्रमाचे धान्य स्वतः झोडून घरी घेऊन गेली. बवाजाने तिच्या हाती भीक घातली नाही. तिच्या वाटेतील अडथळे दूर केले.

आजच्या नोकरीसही हीच कसोटी लागू पडते. आपल्या देशात दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ साली झाला. त्यात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वाची नोंद आहे आणि सरकारी नोकऱ्यांतील राखीव जागा ३ टक्क्यांवरून ४ टक्के झाल्या. समान संधीचे धोरण ठरविण्याची जबाबदारी खासगी आस्थापनांवरही टाकली आहे. परंतु कायदा दारापर्यंत आणतो. दाराची पायरी उतरती करणे, अंध कामगाराला सूचना वाचून दाखविणे, बहिऱ्या कामगाराशी समोरासमोर उभे राहून बोलणे, हे मालकाला करावे लागते. "अंधांचे नाक उपजतच तीक्ष्ण असते" असे म्हणून एखाद्याला सुगंधाच्या कामावर घेणे हाही एक पूर्वग्रहच होय. कौशल्य शिक्षणाने व सरावाने येते. त्याला शिकवावे, पारखावे, आणि इतरांइतकेच वेतन द्यावे.

२. केडगावचा धडा

महाराष्ट्रात याचे थोर उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून निराधार मुली व विधवा केडगावास आणल्या, आणि मुक्ती मिशनमध्ये त्यांच्या हाती शेती, विणकाम, शिवण व छापखाना दिला. अंध स्त्रियांनाही तेथे ब्रेल लिपी व हस्तकामे शिकविण्यात आली. रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेल्या मराठी बायबलाची छपाई त्याच छापखान्यात, तेथील स्त्रियांच्या हातांनी झाली.

परंतु संस्था चालविण्यास पैसा लागतो, आणि पैशासाठी कथा सांगावी लागते. १८८६ ते १८८८ या काळात रमाबाई अमेरिकेत हिंदू विधवांच्या दुःखाविषयी बोलल्या. १८८७ साली बोस्टनला त्यांच्या मदतीसाठी मंडळ स्थापन झाले. देशाची बदनामी केल्याचा आरोप त्यांच्यावर झाला. तथापि एक गोष्ट विसरू नये : त्या स्वतः विधवा होत्या. त्या जे सांगत होत्या ते त्यांच्या जगण्यातले होते.

दुष्काळाच्या त्या वर्षांत मिशनच्या मासिकांतून हाडे दिसणाऱ्या मुलांची छायाचित्रे परदेशी पोहोचली. "आधी" आणि "नंतर" अशी चित्रांची जोडी छापण्याची प्रथा त्या साहित्यात होती. त्यामुळे अन्न आले, प्राण वाचले, हे नाकारता येत नाही. पण त्या चित्रांतील मुलाला मोठेपणी ते पाहून काय वाटले असेल, हे कोणी विचारले काय? ही सवय आपल्या वार्षिक अहवालांतून आजही पुरती गेलेली नाही.

३. त्यालाच बोलू द्या

योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध मनुष्य समोर बसला असता शिष्य त्याच्याविषयी प्रभूला विचारतात की पाप कोणाचे. तो त्यांच्यासाठी चर्चेचा विषय झाला. पुढे शेजारी वाद घालतात, परूशी चौकशी करतात. आईबाप भीतीपोटी अंग काढून घेतात व म्हणतात की तो सज्ञान आहे, त्यालाच विचारावे. त्यांचा हेतू भित्रा होता, पण सल्ला अगदी योग्य होता! कारण तो बोलू लागला तेव्हा आपल्याला ठाऊक होते तेवढेच बोलला, आणि पंडितांनाही निरुत्तर केले.

जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटांतील दिव्यांगांच्या चित्रणाविषयी दिलेल्या निर्णयाचे सारही याजवळच आहे : त्यांना हिणविणारे शब्द टाळावेत, त्यांना थट्टेचा किंवा दयेचा विषय करू नये, आणि त्यांच्याविषयी ठरविताना त्यांना सहभागी करून घ्यावे.

तेव्हा मालाच्या वेष्टनावर किंवा अहवालात एखाद्या कामगाराची कथा छापण्यापूर्वी त्याची संमती घ्यावी, आणि "नाही" म्हटल्यास नोकरीला धक्का लागणार नाही हे त्याला स्पष्ट सांगावे. मजकूर त्याला आधी वाचून दाखवावा. नंतर त्याचे मन बदलले तर कथा मागे घ्यावी. त्याच्या जखमेपेक्षा त्याच्या कामाविषयी अधिक लिहावे. ग्राहकाने उदबत्ती सुगंधासाठी घ्यावी; दयेपोटी घेतलेला माल दुसऱ्यांदा क्वचितच घेतला जातो, आणि मग कामगाराची रोजीही टिकत नाही.

दान करताना कर्णा वाजवू नये, हे डोंगरावरील प्रवचनात आपण ऐकले आहे. दुसऱ्याच्या दुःखाचा कर्णा करणे हे तर त्याहून वाईट होय.

विचारासाठी प्रश्न

१. आपल्या मंडळीच्या संस्थेत किती दिव्यांग व्यक्ती वेतनावर काम करतात? त्यांचे वेतन इतरांइतके आहे काय?
२. गेल्या वर्षीच्या अहवालात ज्यांची छायाचित्रे छापली, त्यांनी तो अहवाल पाहिला आहे काय?
३. रूथला लाज वाटू नये म्हणून बवाजाने गड्यांना सांगितले. आपण कोणाला सांगितले पाहिजे?