आवाहन आणि पोच

कोकणातील एका लहानशा बालगृहाची खजिनदारकी ज्याच्याकडे वर्षानुवर्षे आहे, अशा कीर्द-खतावणीत रमणाऱ्या मनुष्याने समाजमाध्यमांविषयी चार शब्द लिहावेत, हे काहींना विपरीत वाटेल. परंतु मोबाइलवरून निघालेले प्रत्येक आवाहन शेवटी खजिनदाराच्याच टेबलावर येऊन पडते, आणि ते कोणत्या अवस्थेत येते हे मी पुष्कळदा पाहिले असल्यामुळे, या विषयात बोलण्याचा थोडाफार अधिकार मला आहे असे मी समजतो.

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी आणि शिव या नद्यांचे पाणी चिपळूण शहरात शिरले, तेव्हा एका उत्साही तरुण मंडळाने पूरग्रस्तांसाठीचे साहित्य आमच्या संस्थेच्या पत्त्यावर पाठवावे असे आवाहन व्हॉट्सअ‍ॅपवर प्रसृत केले. मजकूर कळकळीचा होता, भाषा स्वच्छ होती; नव्हती ती तारीख, आणि कोणती वस्तू किती हवी याचा तपशील. आरंभी पाण्याच्या बाटल्या, चादरी, मेणबत्त्या आल्या, त्या हातोहात गेल्या. परंतु पुढे जुन्या कपड्यांची पोती येऊ लागली, आणि त्यांत विरलेल्या साड्यांपासून लग्नातील सुटाबुटापर्यंत असे सर्व काही होते, जे चिखल उपसणाऱ्या माणसाच्या कोणत्याही कामाचे नव्हते. गणपती झाले, दिवाळी झाली, तरी पोती थांबेनात. आणि दुसऱ्या वर्षी पावसाला सुरुवात होताच तोच संदेश कोणाच्या तरी मोबाइलमधून पुन्हा बाहेर पडून नव्याने फिरू लागला. एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे धाडता येऊ नये अशी तजवीज व्हॉट्सअ‍ॅपने २०१८ मध्ये आपल्या देशापुरती केली खरी, पण तीमुळे संदेशाची चाल मंदावते, त्याचे आयुष्य कमी होत नाही.

पोती कोठे ठेवावीत ही विवंचना मोठी होतीच, परंतु त्याहून मोठे नुकसान निराळ्या ठिकाणी झाले. ज्यांनी पदरचे भाडे भरून पार्सल पाठवले होते, ते ‘मिळाले का?’ म्हणून विचारीत, आणि संदेशाखाली ज्याचा दूरध्वनी क्रमांक होता तो तरुण नोकरीनिमित्त केव्हाच मुंबईस गेलेला होता. या विचारणाऱ्यांमध्ये आमचे काही जुने वर्गणीदारही होते. त्यांतील दोघांनी पुढील वर्षापासून वर्गणी पाठवली नाही. कारण त्यांनी सांगितले नाही आणि मी विचारले नाही, परंतु मला ते ठाऊक आहे.

सबब, ज्या संस्थांना या माध्यमांचा आश्रय घ्यावयाचा आहे त्यांनी प्रत्येक आवाहनावर आरंभाची आणि समाप्तीची तारीख घालावी, वस्तूंचे नाव व संख्या लिहावी, आणि उत्तर देण्यास बांधलेल्या माणसाचाच क्रमांक द्यावा. याहूनही बरा मार्ग असा की, तपशील संदेशात न लिहिता संस्थेच्या स्वतःच्या पानाचा दुवा तेवढा द्यावा. कारण पसरलेला संदेश परत बोलावता येत नाही, पान मात्र केव्हाही बदलता येते आणि गरज भागल्यावर तेथे ‘आता काही पाठवू नये’ असे लिहिता येते. हे लिहिण्यास पुष्कळ संस्थांना संकोच वाटतो. आमचा अनुभव असा की, नको म्हणणाऱ्या संस्थेवर लोकांचा विश्वास अधिक बसतो.

पैशाच्या बाबतीत पोच देणे अधिकच बिकट झाले आहे. क्यूआर कोडवर रक्कम टाकणे सुलभ असल्यामुळे लोक ती सढळ हाताने टाकतात. खात्याच्या उताऱ्यात मात्र एखादे अर्धवट नाव आणि संदर्भ क्रमांक एवढेच उमटते. मग जुलैमध्ये विवरणपत्र भरताना हीच मंडळी ‘ऐंशी-जी’चे प्रमाणपत्र मागतात, आणि देणगीदारांचे नाव, पत्ता व पॅनसह निवेदन प्राप्तिकर खात्याकडे ३१ मेपर्यंत दाखल करण्याची मुदत तोपर्यंत उलटून गेलेली असते. शिवाय निनावी देणग्या ठराविक मर्यादेपलीकडे गेल्या तर त्यांवर ३० टक्के कर बसतो, तो भाग वेगळाच. कोडच्या शेजारीच लहानसा अर्ज जोडावा आणि पावती त्याच दिवशी पाठवावी, हा यावर साधा उपाय आहे. पावतीनंतरही देणगीदारांशी संपर्क राखावा लागतो. त्यासाठीची व्हॉट्सअ‍ॅपवरील ब्रॉडकास्टची यादी २५६ जणांपुरतीच असते आणि ज्यांनी आपला क्रमांक जतन केला आहे त्यांनाच तीतील संदेश पोचतो, म्हणून तरुण मंडळी तिला नाके मुरडतात. मला मात्र तीच पाठीराख्यांची खरी नोंदवही वाटते.

२०१४ च्या उन्हाळ्यात डोक्यावर बर्फाचे पाणी ओतून घेण्याची जी लाट अमेरिकेत उसळली, तिने एएलएस या मज्जातंतूंच्या दुर्धर व्याधीसाठी झटणाऱ्या तेथील संस्थेला अवघ्या आठ आठवड्यांत सुमारे साडेअकरा कोटी डॉलर मिळवून दिले, आणि दुसऱ्या वर्षी तोच प्रयोग केला असता त्याचा अल्पांशच हाती आला. परंतु त्या निधीच्या साहाय्याने झालेल्या संशोधनातून २०१६ मध्ये एनईके१ या जनुकाचा व्याधीशी असलेला संबंध उजेडात आला, हे त्या संस्थेने देणगीदारांना आवर्जून कळवले; लाटेपेक्षा मला हे कळवणे अनुकरणीय वाटते. आपल्याकडेही अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडाने माणशी पैसा-पैसा जमवून १९०८ मध्ये तळेगावास काचकारखाना उभा केला होता, तेव्हा अल्प रकमेच्या असंख्य देणगीदारांची कल्पना मोबाइलबरोबर आली असे समजण्याचे कारण नाही.

मुलांच्या छायाचित्रांविषयी मात्र मी कठोर आहे. एका सद्‌गृहस्थांनी आपल्या चिरंजीवांचा वाढदिवस आमच्या मुलांसमवेत साजरा केला आणि रात्री सर्वांचे चेहरे, संस्थेच्या पाटीसह, फेसबुकवर झळकले. हेतू निर्मळ होता. तथापि बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ अन्वये संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख उघड करणे हा अपराध असून त्याला सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन लाखांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. छायाचित्र उतरवून घेईपर्यंत अधीक्षकबाईंना झोप आली नाही, कारण त्यांतील एका मुलीचा ठावठिकाणा तिच्या चुलत्याला कळू न देणे हेच तिच्या येथे असण्याचे कारण होते. तेव्हापासून आम्ही कौले बदललेले छप्पर दाखवतो, मुलांनी काढलेली चित्रे दाखवतो, महिन्याचा किराणा आणि त्याचे बिल दाखवतो. किराण्याच्या बिलाखाली जितके प्रश्न येतात तितके कशाखालीच येत नाहीत, आणि प्रत्येकाला उत्तर दिले जाते.

माध्यमाला सीमा नसल्यामुळे परदेशस्थ मराठी बांधवांचीही विचारणा येते. भारतीय पारपत्र असलेल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली रक्कम विदेशी अंशदान ठरत नाही. परंतु ज्याने तिकडचे नागरिकत्व घेतले, त्याची ठरते, आणि २०१० च्या अधिनियमाखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्यावाचून, तसेच नवी दिल्लीच्या संसद मार्गावरील स्टेट बँकेच्या शाखेतील विहित खात्यावाचून ती स्वीकारता येत नाही. आमची अशी नोंदणी नाही. न्यू जर्सीच्या एका निवृत्त अभियंत्यांना हे मी सविस्तर लिहून कळवले, तेव्हा ते रुसतील असे कार्यकारिणीला वाटले होते. त्यांनी उलट टपाली रविवारी मुलांना गणित शिकवण्याची तयारी दाखवली, आणि आमच्या बाजूचा कॅमेरा बंद राहील ही अट विनातक्रार मान्य केली.