करार आधी, कॅमेरा नंतर

लालबाग-परळच्या गिरणी कामगारांच्या मुलाखती मी एका संस्थेसाठी चित्रित केल्या. कॅमेरा माझा, टेपा मी आणलेल्या, माणसंही मीच चाळी हिंडून शोधलेली. संस्थेने दिलं ते जाण्यायेण्याचं भाडं. कराराचा विषय काढला की संचालक म्हणायचे, "अहो, आपण घरचीच माणसं, कागद कसले करता?" हे मुद्दाम लिहितोय, कारण आता तेच मला व्यवहार कळत नाही म्हणून सांगत फिरतात.

त्रासनखात्यातले, म्हणजे सूतकताईच्या खात्यातले, एक अप्पा १९८२ च्या संपाबद्दल बोलले. बायकोचं मंगळसूत्र मोडल्याचं सांगताना त्यांना रडू आवरेना. नंतर म्हणाले, "राहू दे हे. पण अभ्यासालाच वापरा, भलतीकडे देऊ नका." पुढे अप्पा गेले. मग एके दिवशी त्यांच्या मुलीचा फोन आला : "दादा, तुम्ही बाबांना विकलंत का हो?"

अप्पांच्या गिरणीच्या जागेवर टॉवर उभा राहतोय. त्याच्या विक्री-दालनातल्या पडद्यावर अप्पा रडत होते, मागे सतार, खाली बिल्डरचं नाव. मी स्वतः जाऊन पाहिलं. घरं बघायला आलेली माणसं चहा पीत समोर उभी होती. तिथून बाहेर पडल्यावर मला बराच वेळ रस्ता ओलांडता आला नाही.

फिल्म बिल्डरकडे कशी गेली, असं विचारल्यावर संचालक म्हणाले, "मानधन घेतलंत ना? मग विषय संपला." भाड्याचं एकाएकी मानधन का झालं, ते वकिलाने सांगितलं. मोबदला घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून फिल्म केली आणि वेगळा करार नसला, तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने पहिली मालकी काम सांगणाऱ्याची. माझ्या व्हाउचरांवर 'प्रवासखर्च' लिहिलं होतं, म्हणून मला भांडायला जागा उरली. तेव्हा व्हाउचर वाचल्याशिवाय सही करू नका. 'मोबदला' छापलेलं असेल तर खोडून घ्या.

हक्क द्यायचेच असतील तर लेखी, सहीनिशी द्या. कोणते हक्क, किती वर्षं, कुठल्या प्रदेशापुरते, हे सगळं त्यात हवं. मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर भारत. संमतीपत्र मराठीत करा, वाचून दाखवा. अभ्यास, जाहीर प्रदर्शन, इंटरनेट, जाहिरात यांना वेगवेगळी संमती घ्या आणि माणूस गेल्यावर कुणाला विचारायचं तेही लिहून ठेवा. मूळ टेप कुणालाही देऊ नका, प्रत द्या. मिनीडीव्हीची तासाभराची टेप सुमारे १३ जीबी होते. ती संगणकावर उतरवायला फायरवायरचं पोर्ट लागतं आणि नव्या संगणकांत ते नसतं, म्हणून जुना संगणक भंगारात घालू नका. दोन डिस्क, दोन वेगळ्या घरांत. बाकी, माणसं पारखून काम घ्या.

वकिलाची नोटीस गेल्यावर दालनातली फिल्म उतरवली. अप्पांच्या मुलीला मात्र संस्थेकडून दिलगिरीची एक ओळही गेलेली नाही, आणि यंदाच्या अहवालात त्याच मुलाखती 'आमचा संग्रह' म्हणून छापल्या आहेत.