आधी हजेरीपट, मग टी-मूल्य

गोंदिया जिल्ह्यात जुलैमध्ये घेतलेली पूर्वचाचणी आणि सप्टेंबरात घेतलेली उत्तरचाचणी यांच्यातल्या फरकावर माझा चटकन विश्वास बसत नाही. बी.एड.च्या मुलामुलींना कृतिसंशोधन शिकवताना पहिल्याच तासाला मी हे सांगून टाकते. वर्ग हसतो. मग मी त्यांना नाव झाकलेला एक जुना प्रकल्प वाचायला देते.

विषय होता पाचवीतल्या मुलांची गैरहजेरी. छात्राध्यापिका मेहनती होती. तिने वर्गात तक्ता लावला, रोज येणाऱ्याच्या नावापुढे चांदणी चिकटवली, शनिवारी गोष्टीचा तास ठेवला. जुलैच्या मध्यात निम्मा रिकामा असलेला वर्ग ऑगस्ट सरता सरता भरला. आलेख सुरेख आला, टी-मूल्य ०.०१ स्तरावर सार्थ ठरलं, शून्य परिकल्पनेचा रीतसर त्याग झाला. सादरीकरणानंतर टाळ्याही पडल्या. तेवढ्यात मागच्या बाकावरून आमगावकडचा एक मुलगा सहज बोलून गेला, "मॅडम, तवा तं रोवणी होती."

त्यावर कोणी काही बोललं नाही. निम्मा वर्ग धानाच्या बांधीत वाढलेला. सगळ्यांना एकदम उमगलं. रोवणीच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या, दिवसांत आई सकाळीच मजुरीला निघते, पाचवीतली पोर धाकट्याला सांभाळायला घरी थांबते. रोवणी आटोपली की ती शाळेत येते, चांदणी मिळो न मिळो. त्या शाळेचा आदल्या वर्षीचा हजेरीपट काढून पाहिला, तर त्यातही तोच उतार आणि तोच चढ. त्या वर्षी तक्ता नव्हता, गोष्टीचा तासही नव्हता.

त्या छात्राध्यापिकेची मेहनत वाया गेली असं मी म्हणणार नाही. गोष्टी ऐकून मुलं खूश झालीच असतील. पण संशोधनाला उत्तर द्यायचं होतं एकाच प्रश्नाचं: हे काहीच केलं नसतं, तर काय झालं असतं? आमचा अभ्यासक्रम या प्रश्नापर्यंत पोचतो तेव्हा वर्ष सरत आलेलं असतं. आधी व्याख्या, मग प्रकार, मग परिकल्पना, न्यादर्श, साधनं, मध्यमान, प्रमाण विचलन. तोवर मुलांच्या मनात पक्कं बसतं की संशोधन म्हणजे पाच प्रकरणं आणि स्पायरल बाइंडिंग. तयार प्रकल्प कुठल्या झेरॉक्सच्या दुकानात मिळतो हेही त्यांना ठाऊक असतं. गाव बदलायचं, इयत्ता बदलायची. वाढीची टक्केवारी तीच राहिली तरी बघतो कोण!

म्हणून माझा क्रम आता उलटा आहे. शालेय अनुभवासाठी गाव ठरलं की आधी त्या गावाचं वर्ष कागदावर मांडायचं. विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात आणि लगेच रोवणी येऊन ठेपते. दिवाळीच्या आगेमागे हलक्या धानाची कापणी. भाऊबीजेपासून गावोगावी मंडई नावाची जत्रा भरते, रात्रभर दंडारीचं लोकनाट्य नाहीतर नाटक चालतं, आणि दुसऱ्या दिवशी आलेली मुलंसुद्धा पेंगत असतात. माघ पौर्णिमेच्या सुमारास सालेकसा तालुक्यात कचारगडची यात्रा. मार्च-एप्रिलमध्ये देवरीच्या जंगलपट्ट्यात मोहफूल वेचायला घरं पहाटेच रिकामी होतात. हा कागद समोर ठेवून मुख्याध्यापकांना तीन वर्षांचे हजेरीपट मागायचे. मुख्याध्यापक बहुधा देतात. मात्र जाताच क्षणी मागू नका, आधी दोन-चार दिवस परिपाठाला उभे राहा.

बालशिक्षणतज्ज्ञ तारा मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत गैरहजेरीच्या याच प्रश्नाला हात घातला होता. मुलं शाळेत येत नाहीत, कारण ती गुरांमागे असतात. मग गुरं चरतात तिथेच शिकवायचं, त्याला नाव दिलं कुरणशाळा. त्या कामात टी-मूल्य कुठेही नव्हतं. मूल दिवसभर काय करतं हे मात्र त्यांनी आधी नीट पाहिलं होतं.

न्यादर्श, म्हणजे नमुना कसा निवडायचा हे, शिकवायला आमच्याकडे पीक कापणी प्रयोगाइतकं चांगलं उदाहरण दुसरं नाही. तलाठी-कृषी सहायक येतात, यादृच्छिकपणे निवडलेल्या शेतात मोजून चौकोन आखतात, तेवढंच धान कापून-मळून तोलतात, आणि त्यावरून परिसराच्या उत्पन्नाचा अंदाज बांधला जातो. घरच्या शेतात हे होताना पाहिलेली मुलं वर्गात असतात. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात दाखवलं की चौकोन फार लहान घेतला तर उत्पन्न फुगून येतं. कडेवरची भरलेली रोपं आत ओढली जातात. आमच्या प्रकल्पांत नेमकं हेच होतं. "सोयीनुसार निवडलेले दहा विद्यार्थी" म्हणजे बाईंसमोर बसणारे, रोज येणारे, उत्तर द्यायला हात वर करणारे.

उलटी चूक त्याहून फसवी. पूर्वचाचणीत सगळ्यात कमी गुण मिळालेली पाच मुलं निवडायची आणि त्यांच्यावर उपाय करायचा. एखाद्या मुलाचा तो दिवसच वाईट असतो. ताप असतो, उपाशी पोट असतं, नाहीतर पेन चालत नसतं. दुसऱ्या वेळी तो काही न करताही थोडा वर येतो. मापनातली ही सरासरीकडे सरकण्याची ओढ इंग्रज शास्त्रज्ञ गॉल्टनने १८८० च्या दशकात आईबाप आणि मुलांच्या उंचीवरून मांडली. त्यात उत्तरचाचणीला तीच प्रश्नपत्रिका दिली, तर वाढ हमखास. निदान काही मुलांना उपाय थोडा उशिरा द्या आणि तोवर दोन्ही गटांची तुलना करा. उशिरा का होईना, पण द्या. मुलं काही प्रयोगाची झाडं नव्हेत.

जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांत चौथीला आठ-नऊ मुलंच असतात. आठ मुलांत एक मूल म्हणजे साडेबारा टक्के. "५० टक्के विद्यार्थ्यांत सुधारणा" असं लिहिण्यापेक्षा "आठांपैकी चौघांत" लिहा, वाचणाऱ्याला खरं चित्र दिसेल. टी-चाचणी लहान संख्येसाठीच जन्मली हे मान्य. गिनेसच्या मद्यनिर्मिती कारखान्यात काम करणाऱ्या गॉसेटने ती १९०८ साली 'स्टुडंट' या टोपणनावाने छापली. पण कोष्टक बघण्याआधी आठही मुलांच्या वह्या बघून होतात, मग त्या का बघू नयेत?

वह्या बघणं हेच खरं तर माझ्या मते अर्धं संशोधन. इथल्या वर्गात घरी पोवारी, गोंडी, छत्तीसगढी, हिंदी, झाडीबोली बोलणारी मुलं शेजारी शेजारी बसतात. छात्राध्यापक "शुद्धलेखनाच्या चुका" असा एकच आकडा मांडतो आणि उपाय म्हणून रोज दहा ओळी लिहून घेतो. चुका वेगळ्या काढायला लावल्या की चित्र पालटतं. घरी हिंदी बोलणारं मूल "माझी पुस्तक" लिहितं, कारण हिंदीत नपुंसकलिंग नाही आणि तिथे पुस्तक स्त्रीलिंगी आहे. हा आळस नव्हे, नियम आहे. फक्त दुसऱ्या भाषेचा. त्याला दहा ओळींनी काय होणार? त्या मुलाला तो, ती, ते यांचा खेळ हवा. ऱ्हस्व-दीर्घाची चूक ही वेगळी गोष्ट, तिचा उपायही वेगळा.

परिशिष्टाबद्दल मी कडक आहे. मुलांची नावं, जातप्रवर्ग, "वडील दारू पितात" असले शेरे आणि फोटो बांधलेल्या प्रतीत जाऊन ग्रंथालयात पडून राहतात. गाव लहान, ओळख लगेच पटते. विद्यार्थी अ, ब, क एवढं पुरे.

राहिला गुणांचा प्रश्न. "उपक्रमाचा परिणाम दिसला नाही" असा निष्कर्ष लिहिणाऱ्याला तोंडी परीक्षेत कमी गुण पडतात ही भीती खोटी नाही. तसं घडताना मी पाहिलं आहे. तेव्हा मार्गदर्शकांनी मूल्यमापनाचा तक्ता वर्षाच्या सुरुवातीलाच बदलून घ्यावा: प्रश्न कसा सुचला, तुलना कशाशी केली, नोंदी किती प्रामाणिक, यांना गुण; निष्कर्ष कोणत्या बाजूचा लागला याला शून्य. बाहेरून येणाऱ्या परीक्षकांच्या हाती तो तक्ता आदल्या दिवशी पडेल असं बघावं. आणि प्रकल्प आलेखाच्या पानावर न उघडता हजेरीपटाच्या नकलेवर उघडून त्यांच्यापुढे ठेवावा.