ऐकून वाचणारीं मुलें

कांहीं वर्षांपूर्वीं आठव्या इयत्तेंत आमच्या हाताखालीं एक मुलगा होता. अकोल्याजवळच्या एका खेड्यांतून तो रोज येई. बुद्धि चलाख, पऱ्हाटीला पात्या केव्हां लागतात, बोंडांत अळी शिरली हें बाहेरून कसें ओळखावें, हें तो आम्हांसच समजावून सांगे. इतिहासाचा धडा एकदां ऐकला कीं त्याच्या मुखीं राही. परंतु पुस्तक हातीं दिलें कीं त्याची वाचा बसे. 'भाजी'ची तो 'माजी' करी, 'घर'चें 'धर' होई, आणि ओळ संपते न संपते तोंच तो भलत्याच ओळीवर घसरे. आम्हीं त्यास आळशी ठरविलें. तोच उतारा वर्गासमोर तीन तीन वेळां वाचावयास लाविला. वर्ग हंसला, व आम्हीं त्यास हंसूं दिलें. पुढें कापसाची वेचणी सुरू झाली तेव्हां तो शाळेंत येईनासा झाला, तो पुन्हां आला नाहीं. त्याची अडचण काय असावी हें आम्हांस पुष्कळ दिवसांनीं समजलें. वेळेवर समजलें असतें तर काय करितां आलें असतें, तें येथें सांगण्याचा विचार आहे.

ह्या अडचणीस इंग्रजींत डिस्लेक्सिया म्हणतात. मराठींत वाचन-अक्षमता हा शब्द रूढ होत आहे. १८९६ सालीं प्रिंगल मॉर्गन नांवाच्या इंग्रज डॉक्टरानें चौदा वर्षांच्या एका मुलाची हकीकत ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्यें प्रसिद्ध केली. मुलगा हुशार, खेळांत चपळ, हिशेबांत बरा. परंतु सोपे शब्दही त्यास वाचतां येत नसत. शिक्षण सर्वस्वीं तोंडीं असतें तर हाच शाळेंतील सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असें त्याच्या शिक्षकाचें मत होतें. मॉर्गन ह्यांनीं ह्यास जन्मजात शब्दांधत्व म्हटलें. पुढील संशोधनावरून असें दिसून आलें कीं मूळ दोष डोळ्यांत नसतो. शब्दांतील सुटे ध्वनि ओळखून ते अक्षरांशीं जोडण्याचें जें काम मेंदू करितो, तें अशा मुलांत अडखळत चालतें. बुद्धीशीं त्याचा संबंध नाहीं, आणि चष्मा लावून तें बरेंही होत नाहीं. लेखनापुरती किंवा गणितापुरती अशीच अडचण कित्येकांस असते. भारतांत २०१६ च्या दिव्यांग व्यक्ति हक्क अधिनियमानें ज्या २१ प्रकारांस मान्यता दिली, त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे.

आपली लिपि उच्चारानुसारी असल्यामुळें असला घोटाळा इंग्रजीच्या मुलांतच व्हावयाचा, असा समज आम्हीं शिक्षकांतही पाहिला आहे. तो अर्धाच खरा आहे. इंग्रजी मुलास २६ अक्षरें; आपल्या मुलास बाराखड्या व जोडाक्षरें धरून शेंकडों आकृति ओळखाव्या लागतात. पुन्हां ऱ्हस्व वेलांटी लिहावयाची आधीं व उच्चारावयाची मागून. 'सूर्य' ह्या शब्दांत 'र' चा उच्चार 'य' च्या आधीं, पण खूण 'य' च्या डोक्यावर. एकटा 'र' पाहा: 'प्र', 'ट्र', 'र्य' आणि 'ऱ्य' मिळून चार वेष घेतो. ज्याचा ध्वनि व अक्षर ह्यांचा सांधा मुळांतच सैल, त्या मुलाची ह्या गर्दींत काय अवस्था होत असेल?

परंतु अडखळणारें प्रत्येक मूल ह्या सदरांत घालणें ही दुसरी चूक होय, आणि वऱ्हाडांत ती विशेष सहज घडते. घरीं 'काया', 'डोया', 'पानी', 'कोन' असें बोलणाऱ्या मुलानें तसेंच लिहिलें तर त्यास अक्षम म्हणूं नये. उलट तो जें ऐकतो तेंच बिनचूक लिहितो; त्याचा कान व हात ह्यांची जोडी उत्तम जमली आहे, त्यास फक्त ग्रंथांतील भाषा शिकवावयाची आहे. मेळघाटांत धारणी व चिखलदरा तालुक्यांतील कोरकू मुलांची गोष्ट तर आणखी निराळी. कोरकू ही मराठीच्या कुळांतील भाषाच नव्हे, ती मुंडा कुळांतील. तेथें मूल लिपीशीं झगडण्यापूर्वीं परक्या भाषेशीं झगडत असतें. म्हणून पारख मुलाच्या घरच्या शब्दांवर करावी. 'कपाशी' ह्या शब्दांतून 'क' काढला तर काय उरेल, असें तोंडीं विचारावें. चौथीपांचवीच्या वयांतही असल्या खेळांत जें मूल पुनः पुनः गोंधळतें, व ज्याचे डोळे आणि कान तपासून ठीक आढळले आहेत, त्याच्याविषयीं शंका घ्यावी. निदान मात्र आपण करूं नये. पूर्वीं चांचण्या बहुतेक इंग्रजींतच असत व मराठी शाळांतील मुलांची कुचंबणा होई. २०१५ सालीं मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानें 'डाली' नांवाची चांचणी पुढें आणिली, ती हिंदी, कन्नड व इंग्रजी ह्यांबरोबर मराठींतही आहे.

आतां साधनांकडे वळूं. त्यांतील कांहीं साधनें इतकीं जुनीं आहेत कीं त्यांस साधन म्हणावयासही कोणी धजणार नाहीं. पंतोजींच्या शाळेंत मुलें धुळपाटीवर बोटानें अक्षर गिरवीत व तोंडानें त्याचा उच्चार करीत. गेल्या शतकांत अमेरिकेंत सॅम्युअल ऑर्टन व ॲना गिलिंगहॅम ह्यांच्या नांवानें जी पद्धति प्रसिद्ध झाली, तिच्यांतही डोळा, कान व हात ह्यांस एकदम कामास लावणें हेंच मुख्य. परातींत बारीक रेती पसरली कीं साधन तयार. दुसरें, जाड पुठ्ठ्यास एका ओळीएवढी खिडकी कापून केलेली पट्टी. ओळ घसरणाऱ्या मुलास तिचा आधार होतो, आणि जुन्या वहीच्या पुठ्ठ्याहून अधिक खर्च नाहीं. रंगीत कांचा व रंगीत कागद ह्यांची पुष्कळ जाहिरात होते. त्यांचा उपयोग सिद्ध झालेला नाहीं, पालकांनीं त्यांवर पैसा घालवूं नये. अक्षरांमधील अंतर वाढविल्यानें इटालियन व फ्रेंच मुलांस वाचणें सोपें गेल्याचें २०१२ सालीं आढळलें. पण तोच प्रयोग आम्हीं संगणकावर मराठीवर केला, तों शिरोरेषेचे तुकडे होऊन शब्द अधिकच ओळखेनासा झाला! मराठींत शब्दाशब्दांतील व ओळीओळींतील जागा वाढवावी आणि टाइप मोठा घ्यावा.

सर्वांत मोठें साधन मात्र बहुतेक घरीं आधींच येऊन बसलें आहे, तें म्हणजे खिशांतील फोन. मजकूर मोठ्यानें वाचून दाखविण्याची सोय मुख्यतः दृष्टिहीनांकरितां वाढली. आज ती ह्या मुलांच्याही कामीं येते. ॲन्ड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्यें ॲक्सेसिबिलिटी ह्या सदराखालीं 'सिलेक्ट टू स्पीक' सुरू करावें, वाचणारा आवाज मराठी निवडावा, आणि त्याची गति कमी ठेवावी. मग पडद्यावरील ज्या उताऱ्यावर बोट ठेवावें तो फोन वाचूं लागतो. मुलानें नुसतें ऐकूं नये. बोट व डोळा शब्दाबरोबर चालवावा. बालभारतीचीं पाठ्यपुस्तकें संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. परंतु कित्येक मराठी फाइली जुन्या फॉन्टांत टंकित असल्यामुळें यंत्रास त्यांत अर्थहीन चिन्हेंच दिसतात. तेव्हां छापील पानाचा फोटो काढून त्यांतील अक्षरें यंत्राकडून ओळखवून घ्यावीं हें बरें.

यंत्राच्या खोडी ठाऊक असाव्या. 'चार' मधील 'च' आणि 'चारा' मधील 'च' आपण एकाच अक्षरानें लिहितों. चुकून हिंदी आवाज लागला तर ह्या भेदाची व 'ळ' ची दैना होते, आणि आधींच गोंधळलेलें मूल आणखी गोंधळतें. बोललेलें लिहून देण्याची सोयही उपयोगी आहे, पण 'मी शायेत गेलो' असें बोलणाऱ्या मुलापुढें ती पुष्कळदां हात टेकते, असा आमचा अनुभव. शिवाय ज्या घरीं एकच फोन आहे व तो वडिलांबरोबर शेतावर जातो, तेथें सायंकाळखेरीज हें कांहींच घडत नाहीं. अशा घरीं थोरल्या बहिणीनें धडा सावकाश वाचून ध्वनिमुद्रित करून ठेवावा. यंत्राच्या आवाजापेक्षां तो केव्हांही गोड.

ह्यावर आमच्या सहकाऱ्यांचा एक आक्षेप नेहमीं येतो: मुलास ऐकवून शिकविलें तर तें वाचावयास कधीं शिकणार, आणि ही इतर मुलांवर अन्याय करणारी सवलत नव्हे काय? पहिल्या भागांत तथ्य आहे. फोन ऐकविल्यानें अक्षरओळख होत नाहीं. ती रेतीवर, पाटीवर, रोज थोडी थोडी, शिक्षकापाशीं बसूनच व्हावयाची. पण तोंवर इतिहास, विज्ञान, भूगोल ह्यांनीं कां थांबावें? मोठ्यानें वाचून दाखविणाऱ्या यंत्रांवरील निरनिराळ्या प्रयोगांचा २०१८ सालीं एकत्र विचार झाला, त्यांत अशा मुलांचें आकलन कांहीं अंशीं सुधारतें असें दिसलें. चमत्कार दिसला नाहीं. अन्यायाविषयीं म्हणाल, तर अचलपूर तालुक्यांतील वझ्झर येथें शंकरबाबा पापळकर ह्यांच्या आश्रयानें वाढलेल्या दृष्टिहीन माला पापळकर २०२४ सालीं राज्य लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण झाल्या, तेव्हां सगळ्या अमरावती जिल्ह्यास आनंद झाला. डोळ्यांवांचून अभ्यास केला म्हणून त्यांनीं लबाडी केली असें कोणीं म्हटलें नाहीं. ज्याचा दोष बाहेरून दिसत नाहीं, त्याच्याच वांट्यास हा संशय येतो.

परीक्षेची बाजू थोडक्यांत सांगतों. महाराष्ट्र शासनानें १९९६ पासून अशा विद्यार्थ्यांस सवलती दिल्या. वाढीव वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, ह्या त्यांपैकीं प्रमुख होत. त्यांसाठीं अधिकृत प्रमाणपत्र लागतें. २०१८ च्या केंद्रीय नियमांत तिसऱ्या इयत्तेंत किंवा आठव्या वर्षीं प्राथमिक तपासणी सांगितली होती. प्रत्यक्षांत पालक दहावीचा अर्ज भरतांना धांवत येतात, तेव्हां फार उशीर झालेला असतो. तिसरी-चौथीच्या गुरुजींनीं शंका येतांच घरीं कळवावें, व पालकांनीं त्यास अपमान मानूं नये.

सध्यां सहावींत एक मुलगी आमच्यापाशीं शिकते. मधल्या सुटीनंतर ती व्हरांड्यांत बसून पुठ्ठ्याची पट्टी ओळीवर सरकवीत फोनचा आवाज ऐकते. दुपारीं अर्धा तास परातींतील रेतीवर जोडाक्षरें गिरविते. तिच्या आईनें परवां विचारलें, "सर, हे इतर पोरीवानी वाचाले लागन का हो?" आम्हीं खरें तेंच सांगितलें. वाचूं लागेल, परंतु सावकाश. वेलांट्या कदाचित् मोठेपणींही चुकतील. ह्या सहामाहींत शिवकालावरील पांच प्रश्नांचीं उत्तरें तिनें तोंडीं दिलीं, त्यांतील चार बरोबर होतीं. पांचवें चुकलें, कारण तो धडा तिनें ऐकलाच नव्हता; त्या दिवशीं फोन शेतावर गेला होता.