ओरू प्रेतूला जाल तेव्हा

कामानिमित्त ब्राझीलला, बेलो होरिझोंतेला गेले होते. परतण्याआधी रविवार-सोमवार मोकळे मिळाले, म्हणून शंभरेक किलोमीटरवरच्या ओरू प्रेतू या सोन्याच्या खाणींच्या जुन्या गावाला एका रात्रीसाठी निघाले. वार पाहिला नाही, सामानाचा विचार केला नाही. दोन्ही गोष्टी महागात पडल्या.

बस स्टँड गावाच्या वरच्या अंगाला आहे. तिथून तिराडेंतिस चौक नकाशात अगदी जवळ दिसतो, पण नकाशात उतार कळत नाही. भुरभुर पाऊस, गुळगुळीत गोट्यांची फरसबंदी आणि हातात चाकांची बॅग. बॅग मला ओढत पुढे निघाली, मी घसरले आणि घोटा मुरगळला.

तेव्हा पाठीवरची सॅकच न्या. रबरी तळाचे, पकड असलेले बूट घाला. डिसेंबर-जानेवारीत तिथे भर पावसाळा असतो. खोली ठरवताना फोटोंवर जाऊ नका. चौकापासून किती चढायचं ते आधी विचारा. आणि सोमवार टाळा. बहुतेक चर्च आणि संग्रहालयं त्या दिवशी बंद असतात. साओ फ्रान्सिस्को चर्चच्या दारावरचं शिल्पकार अलेझादिन्यूचं शंखजिऱ्यातलं कोरीवकाम मी बाहेरून पाहिलं. अताईदीनं रंगवलेलं आतलं छत राहूनच गेलं.

रविवारी पिलारचं चर्च तेवढं झालं. वेदी सोन्यानं मढवलेली, चारशे किलोंहून जास्त सोनं लागल्याचं सांगतात. जुन्या गोव्यातली चर्च पाहिलेल्यांना ती ओळखीची वाटेल. दोन्हीकडे राज्य पोर्तुगालचंच होतं. मी भारावून पाहत राहिले.

सोमवारी एक जुनी खाण उघडी सापडली. लंगडत, वाकून आत गेले. छत डोक्याला लागत होतं, भिंतींवर छिन्नीचे घाव होते, पाणी ठिबकत होतं. इथं खणणारे आफ्रिकेतून धरून आणलेले गुलाम होते आणि निघालेल्या सोन्याचा पाचवा हिस्सा राजाचा होता. आदल्या दिवशीची वेदी आठवली आणि मला फार अपराधी वाटलं. म्हणून कळकळीनं सांगते, आधी खाणीत उतरा, मग पिलारला जा.

कृष्णवर्णीयांच्या धर्मसंघानं उभारलेलं सांता एफिजेनिया चर्च समोरच्या टेकडीवर आहे. खाणीतल्या बायका केसांत लपवून आणलेली सोन्याची धूळ तिथल्या कुंडात धुवायच्या आणि त्यातून चर्च उभं राहिलं, अशी आख्यायिका आहे. चढ अवघड आहे. दोन रात्री तरी राहा, आणि पहिल्याच सकाळी, पाय ताजे असताना, तिथे जा.

माझा घोटा तोवर टम्म सुजला होता. खोलीच्या खिडकीतून त्या चर्चचे दोन मनोरे दिसत होते. बसची वेळ होईपर्यंत मी तिथेच बसून होते.