उशीर कोणाचा, जागरण कोणाचं

ये, बस. चहा घे आणि तो फोन जरा पालथा ठेव. एकदा सीझन लागला की आपल्या दोघींना असं निवांत बोलायला मिळणार नाही, म्हणून आत्ताच सांगते. स्वतःचं ऑफिस काढल्यावरचं हे तुझं दुसरं वर्ष. काम तुला येतं, कायदा तर माझ्यापेक्षा तुझा ताजा आहे. माझी काळजी वेगळीच आहे. लोकांचा उशीर तू स्वतःच्या अंगावर घेतेस.

आपल्या कामात तारीख सरकारची असते, कागद क्लायंटचे असतात आणि या दोघांच्या मधे आपण. पगारदारांच्या आणि पेन्शनवाल्यांच्या आयकर रिटर्नची मुदत ३१ जुलै. लोकांना वाटतं, एप्रिलपासून चार महिने असतात की हिच्याकडे! पण शेवटच्या तिमाहीचं टीडीएस रिटर्न बँका आणि मालक लोक ३१ मेपर्यंत भरतात. ते भरल्यावर आकडे २६एएसमध्ये उतरायचे, १५ जूनपर्यंत फॉर्म १६ हातात यायचा. म्हणजे खरं काम करायला मिळतात जेमतेम सहा आठवडे. त्यातही ७ तारखेला टीडीएसचा भरणा, ११ला जीएसटीआर-१, २०ला ३बी, आणि ३१ जुलैलाच पहिल्या तिमाहीचं टीडीएस रिटर्न. हे क्लायंटला दिसत नाही. दिसावं अशी अपेक्षाही नको, पण आपण सांगायला हवं. बहुतेक जणी सांगतच नाहीत, नुसत्या राबतात.

२०२४च्या ३१ जुलैचे आकडे मी मुद्दाम लक्षात ठेवलेत. त्या मुदतीपर्यंत देशभरात ७ कोटी २८ लाख रिटर्न भरली गेली आणि त्यातली जवळजवळ ७० लाख एकट्या शेवटच्या दिवशी. संध्याकाळी सात ते आठ या एका तासात पाच लाखांहून जास्त! अशा वेळी पोर्टल मंदावणार, ओटीपी उशिरा येणार, यात नवल काय? तू त्या तासात बसायचंच नाही, एवढं ठरव.

आणि ‘मॅडम, मुदत वाढणारच आहे ना?’ हा प्रश्न. २०२५ साली वाढली, खरं आहे. फॉर्ममध्ये बदल झाले, भरायची युटिलिटी उशिरा आली, म्हणून ३१ जुलैची १५ सप्टेंबर झाली. मग पंधरा तारखेच्या रात्री, बारा वाजायला आले असताना, आणखी एक दिवस मिळाला. ऑडिटवाल्यांचंही दोनदा पुढे गेलं. त्याचा आपल्याला काय फायदा झाला, सांग? गौरी-गणपतीत लॅपटॉप, दिवाळीत लॅपटॉप. लोकांनी कागद द्यायचे तेव्हाच दिले. मुदतवाढीची आशा धरून एकही फाइल मागे ठेवू नकोस.

त्यापेक्षा तुझी स्वतःची एक तारीख लाव. दहा जुलै म्हण. जूनच्या पहिल्या आठवड्यातच प्रत्येकाला लेखी कळव की दहापर्यंत सगळे कागद आले तर रिटर्न मुदतीत जाईल, नंतर आले तर रांगेत लागेल. नुसती तारीख लिहून भागत नाही, उशीर झाला तर त्यांचं काय जातं तेही लिही. पाच लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर १,००० रुपये, त्यावर असेल तर ५,००० रुपये उशिराचं शुल्क. कर बाकी असेल तर महिन्याला एक टक्का व्याज. शेअरमध्ये तोटा झाला असेल तर तो पुढच्या वर्षात ओढता येत नाही. आणि हे तर फार थोड्यांना माहीत असतं: मुदत चुकली की जुनी करप्रणाली निवडताच येत नाही. २०२३-२४पासून नवी प्रणाली आपोआप लागू धरली जाते. गृहकर्जाचं व्याज आणि ८०सीच्या भरवशावर बसलेल्या माणसाला ऑगस्टमध्ये हे कळलं तर तो तुझ्यावरच चिडेल. जूनमध्ये तुझा मेसेज गेलेला असेल तर बोलायला तुला जागा राहील.

आता ओटीपी. आपला निम्मा जीव इथेच जातो. रिटर्न तयार होतं दुपारी, आधारला जोडलेला मोबाइल असतो पुण्यातल्या मुलाकडे, मुलगा मीटिंगमध्ये. काका म्हणतात, थांबा, विचारून सांगतो. तोवर ओटीपीची वेळ संपते. म्हणून कागद घेतानाच विचार: आधारला कोणता नंबर आहे आणि तो सध्या कोणाच्या हातात आहे? नंबर बंद पडला असेल तर जूनमध्येच त्यांना आधार केंद्रावर पाठव. नेटबँकिंगमधून पडताळणी होते का तेही बघून ठेव. ओटीपी देणाऱ्यांना दिवसातली एक वेळ ठरवून दे, संध्याकाळी सहा ते सात, आणि त्या तासात एकामागून एक उरक. दिवसभर फोन कानाला लावून बसलीस तर हिशेबातलं लक्ष उडतं आणि चूक नेमकी तिथेच होते.

बायकांच्या फाइलींकडे तर फार जपून बघ. पॅनवर माहेरचं नाव, बँकेत सासरचं, आधारवर तिसरंच काहीतरी. खातं प्रमाणित होत नाही आणि रिफंड अडकून बसतो. तीन-चार हजारांचाच असतो, पण त्या बाईच्या नावावर सरकारकडून आलेला तो कदाचित पहिलाच पैसा असतो. तिच्याकडून पॅनदुरुस्तीचा अर्ज तू स्वतः भरून घे. ‘मिस्टरांना विचारून सांगते’ म्हणाली तर म्हण, विचारा खुशाल, पण सही तुमची आहे, तेव्हा समजून तुम्हीही घ्या. आपल्या समोरच्या खुर्चीत बसून कितीतरी जणी स्वतःच्या उत्पन्नाचा आकडा आयुष्यात पहिल्यांदा ऐकतात गं. तिथे पाच मिनिटं जास्त गेली तरी जाऊ दे. त्या पाच मिनिटांची घाई मला कधीच पटली नाही.

तीच गोष्ट निवृत्त शिक्षकांची. फॉर्म १६ आणतात, ठेवींचं सांगत नाहीत. लपवायचं नसतं त्यांना. ‘बँकेनं टीडीएस कापला म्हणजे टॅक्स भरलाच की’ अशी प्रामाणिक समजूत असते. एआयएस उघडून त्यांच्यासमोर ठेव, व्याजाची प्रत्येक ओळ दाखव. आणि एआयएसमध्ये दिसलं तेवढंच धरू नकोस. पतसंस्थेतल्या ठेवी तोंडीच विचाराव्या लागतात. त्या तिथे दिसतीलच असं नाही.

आता जे सांगते ते नीट ऐक. तुझ्याकडे एखादा येईल आणि म्हणेल, मित्राला साठ हजार रिफंड मिळाला, त्याच्या माणसानं राजकीय पक्षाला देणगी दाखवली, तुम्ही का नाही करत? पावती तो आणून देईल. पैसे बँकेतून गेल्याचंही दाखवेल आणि कमिशन कापून उरलेले त्याला रोखीत परत आलेले असतील. नाही म्हण. खोटं घरभाडं, खोटं आजारपण, खोटी देणगी, सगळ्याला नाही म्हण. जुलै २०२५मध्ये आयकर विभागानं अशा खोट्या वजावटींसाठी देशभरात १५० ठिकाणी तपासणी केली, आणि रोख भरून देणाऱ्यांवरच होता. त्याआधीच्या चार महिन्यांत साधारण ४० हजार करदात्यांनी १,०४५ कोटींचे खोटे दावे आपणहून मागे घेतले होते. उत्पन्नाची चुकीची माहिती दिली तर वाचवलेल्या कराच्या दुप्पट दंड होऊ शकतो. खोटं विवरण भरायला मदत करणाऱ्यालाही कायद्यात तुरुंगवास आहे. पण दंड नसता तरी मी तुला हेच सांगितलं असतं. पगारातून पै न् पै कर कापला जाणारी नर्स आपल्याकडेच येते आणि तो माणूसही आपल्याकडेच येतो. दोघांना एकच नियम लावता येत नसेल तर तिच्या डोळ्यांत बघून आपण काय बोलणार?

असा क्लायंट जाईल. जाऊ दे. बरोबर दोन ओळखीचेही नेईल. पहिल्या वर्षी हे फार लागतं, मला माहीत आहे. लाइट बिल, दुकानगाळ्याचं भाडं, सगळं डोळ्यांपुढे येतं. तरीही जाऊ दे.

फीचं थोडक्यात सांगते. दर छापून भिंतीवर लाव आणि निम्मी रक्कम कागद घेताना घे. रिफंडच्या टक्क्यांवर फी कधीच ठरवायची नाही. नातेवाइकांचं करायचं तर मनापासून फुकट कर, नाहीतर पूर्ण पैसे घे. मधलं काही ठेवलंस तर दोन्हीकडून मन कडू होतं.

आणि तुझ्या तब्येतीचं. गेल्या जुलैत तू वडापावावर दिवस काढत होतीस, मला दिसत होतं. पाळीच्या दिवसांत दहा-दहा तास खुर्चीवरून उठली नाहीस. त्या महिन्यात घरी आधी सांगून ठेव की स्वयंपाकाला बाई लागेल किंवा डबा लागेल, आणि नवऱ्याला ‘मदत कर’ असं नको म्हणूस, ‘मुलाची शाळा महिनाभर तुझ्याकडे’ असं सरळ वाटून दे. रात्री नऊनंतर मी आकडे भरत नाही. भरलेले तपासतही नाही, कारण थकलेल्या डोळ्यांना एक शून्य जास्त पडलेलं दिसत नाही. नऊला लॅपटॉप बंद कर. ऑफिसात मुली कामाला असतील तर त्यांना त्याआधी घरी पाठव, शेवटच्या बसची वाट बघायला लावू नकोस. क्लायंट रात्री अकराला व्हॉट्सॲपवर चुरगळलेल्या पावत्यांचे फोटो टाकेल. टाकू दे. सकाळी दहाला उत्तर दे, गोड शब्दांत दे. दोन-तीनदा असं झालं की त्याला तुझी वेळ कळते.

रात्री उत्तर दिलं नाहीस तर तो दुसरीकडे जाईल, ही भीती मनातून काढ. जो खरंच जाईल तो फी कमी झाली तरी जाणारच होता. राहतात ते तुझ्या वेळेवर नाही राहत, तुझ्या खरेपणावर राहतात, आणि पुढच्या वर्षी कागद मेमध्ये आणून देतात.

एक्सेलमध्ये एक यादी आजच काढ. नाव, आधारचा मोबाइल कोणाकडे, बँक खातं प्रमाणित आहे का, कागद आल्याची तारीख, रिटर्न भरल्याची तारीख, आणि शेवटचा रकाना ई-पडताळणीचा. तो रकाना विसरू नकोस. भरल्यापासून ३० दिवसांत पडताळणी झाली नाही तर पडताळणीची तारीखच भरल्याची तारीख धरली जाते आणि वेळेत भरलेलं रिटर्न उशिराचं ठरतं. ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी ज्यांचा तो रकाना रिकामा राहिला असेल त्या सगळ्यांना फोन कर. माझा जूनचा मेसेज तुला पाठवते, त्यात तुझी तारीख घाल आणि उद्या सकाळी सगळ्यांना टाकून दे.