तार कुठून येते, ते आधी पाहा

दुकान, दवाखाना किंवा ऑफिससाठी इंटरनेटची दोन कनेक्शनं घेणार असाल, तर प्लॅनच्या किमतीआधी एक विचारा: दोन्ही तारा कोणत्या वाटेनं येतात?

माझं करसल्लागाराचं ऑफिस पुण्यात, पेठेत आहे. तिथे दोन कंपन्यांची कनेक्शनं होती. जुलैच्या पावसात, जीएसटी विवरणपत्राची २० तारीख तोंडावर असताना, मागच्या गल्लीत झाडाची फांदी कोसळली आणि दोन्ही एकदम बंद पडली. दोन्ही बॉक्सवर ‘एलओएस’चा लाल दिवा, म्हणजे तारेतून प्रकाशच येत नव्हता. लाइनमनबरोबर गच्चीवर गेल्यावर उलगडा झाला. बिलं दोन कंपन्यांची, पण तारा एकाच खांबावरून आलेल्या. त्या जोडून होईपर्यंत अशिलांची कामं खोळंबली.

तेव्हापासून मी तारेच्या वाटेबरोबर कनेक्शनचा प्रकारही नीट विचारून घेतो. फायबर थेट ऑफिसात येत असेल, तर कंपनीकडून निघालेली एक तार वाटेतल्या स्प्लिटरमधून ३२ किंवा ६४ ग्राहकांत वाटली जाते. या स्प्लिटरला वीज लागत नाही. त्यामुळे आपल्या भागातली वीज गेली, तरी आपला बॉक्स आणि राउटर छोट्या यूपीएसवर ठेवले की सहसा काम चालू राहतं. फायबर फक्त इमारतीपर्यंत येऊन पुढे तांब्याची लॅन केबल असेल, तर मधल्या स्विचला वीज लागते; ती कोणाच्या मीटरवरून घेतली आहे ते विचारा. लॅन केबलचा एक सलग तुकडा १०० मीटरच्या आत हवा. जुन्या टीव्हीच्या कोअ‍ॅक्स केबलवरून नेट येत असेल, तर अपलोडचा वेग वेगळा विचारा. तो डाउनलोडपेक्षा बराच कमी असतो.

दुसरं कनेक्शन वेगळ्या रस्त्यानं येणारं घ्या. तशी सोय नसेल, तर मोबाइल नेटवर्कचं डोंगल जवळ ठेवा. पावसाळ्याआधी तारेवर आलेल्या फांद्यांबद्दल महापालिकेला कळवा. फायबर खिडकीच्या फटीत दाबू नका, काटकोनात वाकवू नका.

तारांचा नकाशा बहुधा लाइनमनच्या डोक्यातच असतो. सगळं सुरळीत असतानाच तो त्याच्याकडून समजून घ्या आणि कागदावर उतरवून मीटरच्या खोलीत लावा.